लग्नाचे फोटो: बुकिंग करण्याआधी काय काय ठरवून घ्यावं? (पुणे)

मुठाकाठची
धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या मध्यात आहे. आदल्या दिवशी दुपारी घरी हळद (तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वर गच्ची आहे). संध्याकाळी कर्वेनगरच्या कार्यालयात सीमांतपूजन. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून २० मिनिटांचा मुहूर्त, आणि संध्याकाळी ७ पासून डीपी रोडच्या लॉनवर स्वागतसमारंभ. पाहुणे साधारण ४००.

फोटोग्राफरांची दरपत्रकं समोर आहेत, पण ती एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. एकजण 'दोन कँडिड (सहज क्षण टिपणारे), एक ट्रॅडिशनल (उभं करून, गटाचे फोटो काढणारा)' असं मोजतो, दुसरा 'अमर्याद फोटो' म्हणतो, तिसरा दोन करिझ्मा अल्बम (फोटो थेट पानांवरच छापलेले) फुकट देतो. माणसं नक्की किती लागतात, कुठल्या विधीला किती वेळ राखायचा, प्रीवेडिंग करायचं तर कुठे, आणि करारात काय लिहून घ्यायचं? आईला स्टेजवर आलेल्या प्रत्येकाचा फोटो हवा आहे, बहिणीला त्या रांगेचाच कंटाळा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहा.

पेरूगेट
फोटोग्राफरच्या आधी गुरुजींना फोन करा. कुठला विधी किती वाजता आणि कुठे बसून, एवढं कागदावर आलं की निम्मे प्रश्न सुटतात.

कृष्णधवल
पेरूगेट यांच्याशी पूर्ण सहमत. मुहूर्तापासून उलटं मोजत या.

११.२० ला शेवटचं 'सावधान' व्हायचं तर मंगलाष्टकं ११.०५ च्या आसपास सुरू होतात. घरातल्या कुणाला स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचं असेल तर प्रत्येकी दोन मिनिटं वाढवा आणि गुरुजींना आदल्या दिवशीच सांगा. त्याआधी नवरी गौरीहराशी बसलेली हवी, म्हणजे १०.३० ला. नवऱ्या मुलाकडच्या मंडळींचं दारातलं स्वागत १०.१५ ला धरा. नवरीचे एकटीचे फोटो ९.१५ ते ९.४५. अंतरपाटाआधी दोघांनी एकमेकांना बघितलेलं घरच्यांना चालत असेल तर ९.४५ ते १०.१५ दोघांचे. चालत नसेल तर ती अर्ध्या तासाची जागा जेवणानंतर शोधावी लागते. तेव्हा मेकअप उतरलेला असतो आणि दोघंही दमलेले असतात, म्हणून हा प्रश्न घरात आधीच सोडवून टाका.

पहिला उशीर मेकअपला होतो आणि त्याची भरपाई नेहमी फोटोंच्या वेळेतून केली जाते. मुहूर्त हलत नाही, जेवण हलत नाही, हलतात ते फोटो. त्यामुळे मेकअप ६.३० ला सुरू, ९ ला पूर्ण, आणि ९ ते ९.१५ कोरी जागा. त्या पंधरा मिनिटांत काहीही ठरवू नका.

साड्या किती आणि कुठल्या विधीच्या आधी बदलायच्या, तेही लिहा. प्रत्येक बदलाला दागिन्यांसकट ३० ते ४० मिनिटं जातात. नवरी खोलीत असताना फोटोग्राफरने काय टिपायचं (रुखवत, पंगत, आजी-आजोबा) हे ठरलेलं असलं की तो वेळ वाया जात नाही.

नऊवारी
कृष्णधवल, ६.३० ला उशीर होईल. नऊवारी नेसवायला २०-२५ मिनिटं, अंबाडा आणि त्यावर फुलं माळायला पाऊण तास, बाकी मेकअप सव्वा तास. शिवाय करवल्या त्याच खोलीत त्याच बाईंसमोर रांग लावतात. ६ ला सुरू करा, आणि करवल्यांसाठी दुसरी व्यक्ती ठेवा.

दोन गोष्टी मेकअपवाल्या ताईंना विचारा. एक, शेवटी लावायची पांढरी सेटिंग पावडर कोणती आहे. सिलिका जास्त असलेली पावडर डोळ्यांना दिसत नाही, पण थेट फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढा, लगेच कळतं. दोन, मान, कान आणि हातांचा रंग चेहऱ्याशी जुळवणार का. मंगळसूत्र घालतानाच्या फोटोत मान आणि चेहरा शेजारी शेजारी येतात, तिथे फरक सगळ्यांत जास्त दिसतो.

गजरे आदल्या रात्री आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी फुलवाल्याची वाट बघण्यात वीस मिनिटं सहज जातात.

फेरफटका
तीन माणसं खरंच लागतात का? की दोन हुशार माणसं पुरतात?

काचभिंग
बाकी सगळ्या विधींना दोन पुरतात. अंतरपाटाला पुरत नाहीत, का ते सांगते.

नवरा-नवरी समोरासमोर उभे असतात आणि मध्ये कापड असतं. एक माणूस नवरीचा चेहरा दिसेल असा नवऱ्याच्या खांद्यामागे हवा, दुसरा बरोबर उलट बाजूला. नवरीमागे मामा उभा असतो, करवल्या कलश आणि दिवा घेऊन असतात, त्यांच्या मधल्या फटीतूनच फोटो मिळतो. म्हणून ही जागा मंगलाष्टकं सुरू होण्याआधी धरायची असते. तिसरा माणूस समोर, मधल्या वाटेवर, थोड्या उंचीवर. त्याला दोघं, पडणाऱ्या अक्षता आणि टाळ्या वाजवणारी मंडळी एका चौकटीत मिळतात. दोघांतच भागवायचं तर यातली एक बाजू सोडावी लागते, आणि सुटते ती बहुतेक नवऱ्याच्या चेहऱ्याची.

आता बारकावे. अंतरपाट पांढरा असतो, त्यामुळे तो असेपर्यंत स्वतःवरचा उजेड दोन्ही चेहऱ्यांवर परत टाकतो. खालून-समोरून मऊ प्रकाश येतो, मंगलाष्टकांतले चेहरे म्हणूनच इतके छान येतात. कापड खाली गेलं की तो उजेड जातो आणि पलीकडच्या व्हिडिओ लाइटचा झोत थेट येतो. कॅमेरा ऑटोवर असेल तर नेमका तोच पहिला फोटो जास्त पांढरा किंवा काळा पडतो. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेलं ठेवायचं आणि कापड हटल्यानंतरच्या उजेडाचा अंदाज आधीच घ्यायचा: दोघं उभे राहण्याआधी त्याच जागी करवलीला उभं करून.

दुसरी अडचण मुंडावळ्यांची. बाजूने टिपताना डोळ्यावर फोकस ठेवणारी यंत्रणा लोंबणाऱ्या मोत्यांवर जाते. त्यावर उपाय फोकसचा एकच बिंदू निवडून पापणीवर ठेवण्याचा. अक्षता पडतानाही तसंच होतं, फोकस हवेतल्या तांदळावर उडी मारतो. त्या अर्ध्या मिनिटापुरता फोकस लॉक करायचा. अक्षता हवेत ठळक थांबलेल्या हव्या असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद तरी लागतो, रेघा चालणार असतील तर १/१२५.

फोटोग्राफर निवडताना त्यांच्याकडून एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा आणि त्यातली अंतरपाटाची दोन मिनिटं सलग बघा. इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बघून त्या माणसाची तयारी कळत नाही.

पेरूगेट
कँडिडचं फार झालं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. लग्न दोन घराण्यांचं असतं. वीस वर्षांनी अल्बम उघडल्यावर नवरीच्या बांगड्यांचे सहा फोटो लागत नाहीत, चुलत आजोबांचा एक लागतो. तुमच्या आईचं बरोबर आहे.

काचभिंग
पेरूगेट काका, चुलत आजोबांचा फोटो हवाच. पण तो स्टेजवर सरळ रेषेत उभा राहिलेला, दिव्याकडे डोळे किलकिले केलेला असला पाहिजे असं कुठे आहे? पंगतीत आग्रह करताना, नातवाचा फेटा नीट करताना आजोबा जास्त त्यांच्यासारखे दिसतात. अट एकच: फोटोग्राफरला आजोबा कोण ते माहीत हवं. घरच्यांनी पंधरा-वीस महत्त्वाच्या माणसांचे फोटो आणि नाती आठवडाभर आधी मोबाइलवर पाठवून द्यावीत.

कृष्णधवल
दोघांचंही बरोबर आहे, कारण ही कामंच दोन आहेत. गटाचे फोटो नीट काढणं ही वेगळी कला आहे आणि 'ट्रॅडिशनल' म्हणून तिला कमी लेखू नये. तीन ओळींचा गट असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान आणि मागचंही स्पष्ट) एफ/८. एफ/२.८ ला मागची ओळ धूसर होते. लेन्स ३५ मिमीपेक्षा रुंद नको (आकडा लहान तितकी चौकट रुंद), २४ वर कडेची माणसं आडवी ताणली जातात आणि नेमक्या कडेलाच काकू-मावश्या उभ्या असतात. प्रत्येक गटाचे किमान चार-पाच फोटो, कुणाचे तरी डोळे मिटतातच.

यादी लिहून काढा. २२ गट असतील आणि प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तर ५५ मिनिटं होतात. एवढा सलग वेळ लग्नाच्या दिवशी मिळत नाही, म्हणून घरचे गट सीमांतपूजनाच्या संध्याकाळी उरकून घ्या. तेव्हा सगळे आलेले, आवरलेले आणि निवांत असतात. दोन्ही बाजूंचा एकेक हाक मारणारा माणूस नेमा: आवाज मोठा, सगळी नाती पाठ, आणि स्वतः त्या दिवशी कशाचाही यजमान नसलेला. नवरीच्या सख्ख्या भावाला हे काम देऊ नका, त्याला कानपिळीला उभं राहायचं असतं.

कानपिळीवरून आठवलं. भाऊ घाईघाईत कान धरून लगेच सोडतो. त्याला सांगा, धरलेला कान तीन-चार सेकंद सोडायचा नाही. नवरदेव हसतो, मागचे सगळे हसतात, फोटो तेव्हा मिळतो. सप्तपदीलाही तसंच: प्रत्येक पावलानंतर श्वासभर थांबा, आणि सुपाऱ्या-तांदळाच्या राशी मांडताना फोटोग्राफर पुढून येऊ शकेल एवढी वाट सोडायला गुरुजींना सांगा.

अक्षता_वाटप
कार्यालयाच्या बाजूने लिहितो. हॉल दुपारी बाराला बघायला जाऊ नका, ज्या वेळी विधी आहे त्या वेळी जा आणि पडदे-दिवे तसेच ठेवायला सांगा. मग हे तपासा.

स्टेजच्या मागे एलईडी भिंत आहे का? असेल तर विधी चालू असताना ती बंद ठेवा किंवा अगदी मंद, एकाच रंगात ठेवा. हलती चित्रं असली की कॅमेऱ्यात काळे पट्टे आणि जाळीदार नक्षी येते, चेहऱ्यांवर मागून निळा-जांभळा रंग चढतो. सजावटवाले जांभळे, गुलाबी पारकॅन (रंगीत झोताचे दिवे) लावतात ते विधीपुरते बंद ठेवायचं सजावटीच्या ऑर्डरवरच लिहून घ्या. ऐनवेळी दिवेवाला माणूस जेवायला गेलेला असतो.

होमाचं तोंड कुठे आणि धूर बाहेर जायला वाट आहे का? पुष्कळ हॉल वातानुकूलित केल्यापासून खिडक्या कायमच्या बंद आहेत. धूर कोंडला की यजमानांचे डोळे चुरचुरतात आणि फोटोवर राखाडी पडदा येतो.

काचभिंग
धुरात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारला की धूरच उजळतो, माणसं मागे बुडतात. फ्लॅश बाजूला, स्टँडवर, मागच्या कोपऱ्यातून मारला तर तोच धूर सोनेरी दिसतो. लाजाहोमाचे चांगले फोटो असेच येतात. बुकिंगच्या वेळी 'कॅमेऱ्यापासून वेगळे किती दिवे लावता?' हे जरूर विचारा. 'गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर सावध व्हा.

कार्यालयांतले एलईडी दिवे घरगुती विजेच्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे टळतात. काही स्वस्त एलईडी यापेक्षा वेगळ्या वेगाने लुकलुकतात, तिथे कॅमेऱ्यातली अँटीफ्लिकर सोय किंवा स्वतःचा फ्लॅश, हे दोनच मार्ग.

फेरफटका
हळदीबद्दल कुणी लिहिलं नाही. फ्लॅटमध्ये करावी की गच्चीवर?

कृष्णधवल
गच्ची चांगली, पण वर कापड कुठलं लावता यावर सगळं आहे. मांडववाले पिवळं, केशरी किंवा गुलाबी कापड ताणतात. ऊन त्यातून गाळून येतं आणि सगळ्यांच्या कातडीवर तो रंग बसतो. चेहऱ्यावर आधीच हळद, वरून पिवळा उजेड, मग चेहरा आणि हळद यांतला फरकच राहत नाही. नंतर संगणकावर पिवळा कमी केला तर हळदच फिकी पडते. डोक्यावर पांढरं जाड सुती कापड घ्या, रंगीत कापडं आणि झेंडू मागे आणि बाजूंना लावा. भर दुपारी कापड नसेल तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, त्यामुळे ३.३० नंतरची वेळ बरी.

फ्लॅटमध्येच करायची असेल तर सर्वांत मोठ्या खिडकीपासून पाच-सहा फुटांवर पाट मांडा, नवरीचं तोंड खिडकीच्या दिशेने थोडं तिरकं. खोलीतले ट्यूब आणि पिवळे दिवे दोन्ही बंद. दोन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर आला की अर्धा गाल हिरवट आणि अर्धा केशरी दिसतो. हळद लावणाऱ्या बायकांना खिडकीकडून न येता विरुद्ध बाजूने यायला सांगा, नाहीतर पाठच मध्ये येते.

लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लागलेला असावा. हळदीच्या पाण्याचे शिंतोडे काचेवरच्या लेपावर वाळले की पुसताना ओरखडे पडतात.

मुठाकाठची
हे फार उपयोगी आहे, धन्यवाद सगळ्यांना. मांडववाल्याने पिवळ्या कापडाचेच फोटो पाठवले होते, बदलायला सांगते. प्रीवेडिंगचं काय? बहिणीला शनिवारवाडा आणि एखादी टेकडी असं हवं आहे. ड्रोनही सुचवला आहे एकांनी.

पानशेत_वारा
शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस ही तिन्ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. मोबाइलवर स्वतःचे फोटो काढणं वेगळं. ट्रायपॉड, दिवे, रिफ्लेक्टर आणि बदलायचे कपडे घेऊन गेलात की ते व्यावसायिक चित्रण धरलं जातं आणि आगाऊ परवानगी लागते. तिकीट काढलं म्हणजे परवानगी झाली असं समजू नका. विश्रामबागवाडा महापालिकेकडे आहे, तिथे विचारणा वेगळीकडे करावी लागते. टेकड्यांचा बराच भाग वनविभागाचा. गावठाणातला वाडा हवा असेल तर ओळखीच्यांचा खासगी वाडा किंवा जुनं कार्यालय बघा, दगडी चौक आणि लाकडी खांब तिथेही मिळतात.

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. आपल्याकडे सूर्य झपाट्याने खाली जातो, त्यामुळे संध्याकाळचा खरा सोनेरी उजेड फार तर अर्धा तास, आणि नंतरचा निळसर उजेड वीस-बावीस मिनिटं. पाचला पोचून कपडे बदलायला सुरुवात केली तर हाती काही लागत नाही. चार वाजता तयार होऊन जागेवर असा. सकाळी नदी आणि धरणाच्या कडेला धुकं असतं, ते उन्हं वर आली की लगेच विरतं.

ड्रोनबाबत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सुरू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतलं सगळं यलो किंवा त्याहून कडक रेड झोनमध्ये येतं, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर तीच अट. पुण्यात लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, शहरात आणि खडकवासल्याकडे इतरही लष्करी क्षेत्रं आहेत, त्यामुळे 'आम्ही नेहमी उडवतो' या शब्दावर राहू नका. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या ड्रोन नकाशावर लॉनचं ठिकाण टाकून झोन स्वतः बघा आणि फोटोग्राफरकडून ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि चालकाचं प्रमाणपत्र मागा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही आहेतच.

नऊवारी
प्रीवेडिंगला पैसे कमी पडत असतील तर मी तो खर्च आजी-आजोबांच्या फोटोंकडे वळवीन. घरोघरी हीच खंत ऐकू येते, की आजीचा चांगला एकटीचा फोटो नाही आणि भिंतीवर लावायला कुठल्यातरी गटातून कापून काढावा लागला.

काचभिंग
नऊवारी ताई, अगदी. हे जरूर करा, आणि त्याला वीस मिनिटं पुरतात.

वेळ सीमांतपूजनाच्या आधीची, दुपारी ४ ते ४.३०, किंवा लग्नाच्या सकाळी ९ च्या आसपास. जेवणानंतर वयस्कर माणसं थकतात. खिडकीपासून चार-पाच फुटांवर हातांची खुर्ची ठेवा (सोफा नको, त्यात माणूस खचतो), खुर्ची खिडकीला साधारण ४५ अंशांत वळवलेली. मागची भिंत पाच-सहा फूट लांब असावी. ८५ मिमी लेन्स, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे फोटोग्राफरने गुडघ्यावर बसायचं. एकटं माणूस असेल तर एफ/२.८, दोघं असतील तर एफ/४. शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, हात आणि मान किंचित हलत असतात.

चष्म्याचं प्रतिबिंब येत असेल तर चष्मा काढायला लावू नका, चष्म्याशिवाय ते त्यांच्यासारखे दिसत नाहीत. कानांवरच्या काड्या बोटभर वर उचला म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि खिडकी काचेतून निघून जाते. नथ घातलेल्या आजी असतील तर दिवा फार उंच नको. नथ डाव्या नाकपुडीत असते आणि वरून आलेल्या उजेडाने तिची सावली थेट ओठावर पडते. हातांचाही एक फोटो घ्या, पाटल्या-बांगड्यांसकट. सुरकुत्या संगणकावर पुसायच्या नाहीत, हे फोटोग्राफरला लेखी सांगा. हल्ली चेहरे गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू असते.

कलम_कागद
कराराबद्दल. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ (ब) प्रमाणे मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. मात्र बहुतेक छापील करारांत हा हक्क फोटोग्राफरकडे राहील असं एक वाक्य असतं. ते वाचा. नवरीचे फोटो जाहिरातीला वापरायला हरकत असेल तर तसं लिहून घ्या. मुलांचे आणि हळदीचे फोटो तरी विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, एवढं प्रत्येकाने लिहून घ्यावं.

त्याखेरीज: प्रत्यक्ष येणार कोण (नावासकट) आणि तो आजारी पडला तर बदली कोण, कामाचे तास कुठून कुठपर्यंत मोजणार, जादा तासाचा दर, निवडलेले फोटो किती दिवसांत आणि अल्बम किती दिवसांत, दिलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, फोटो त्यांच्याकडे किती महिने जपले जाणार. पैसे तीन हप्त्यांत ठेवा: बुकिंगला, लग्नाच्या दिवशी, आणि शेवटचा अल्बम हातात आल्यावर.

एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रात विवाहनोंदणी ९० दिवसांत करायची असते आणि तिथे लग्नपत्रिका, तीन साक्षीदार यांच्याबरोबर लग्नाचा फोटो लागतो. दोघांचे चेहरे स्पष्ट, गळ्यात हार असे दोन-तीन फोटो आठवड्याभरात द्यायचं करारातच लिहा. अल्बमची वाट बघत बसू नका.

कृष्णधवल
यात बॅकअप घाला. कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा हव्यात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहिला गेला पाहिजे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ) फाइल साधारण २५-३० एमबी. तीन हजार फोटो म्हणजे सुमारे ९० जीबी. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके व्हिडिओ ताशी ४५ जीबी. हे त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरतं का आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या जागी ठेवली जाते का, हा प्रश्न सरळ विचारा. 'अमर्याद फोटो' या शब्दाला भुलू नका. साडेतीन हजार न निवडलेले फोटो कुणी बघत नाही. ६०० ते ८०० निवडून, रंग सुधारून दिलेले फोटो दोन दिवसांच्या लग्नाला भरपूर होतात.

अक्षता_वाटप
आणि जेवण! फोटो-व्हिडिओच्या मंडळींना पहिल्या पंगतीला बसवा, सप्तपदीनंतर लगेच. विहिणींच्या पंगतीला उखाणे आणि घास असतात, तेव्हा ते कॅमेरा घेऊन उभे हवेत. उखाण्यांसाठी कॉलर माइक लावायला सांगा, पंगतीच्या गोंगाटात कॅमेऱ्याचा माइक काही पकडत नाही.

चौकट
अल्बमचं मी सांगते. बाजारात चालतो तो १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे उघडल्यावर दोन पानं मिळून ३६ इंच रुंद. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती फाइल ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते. फुकट अल्बममध्ये किती शीट हे विचारा, आणि शीट म्हणजे समोरासमोरची दोन पानं की एक पान, हेही. तिथेच घोळ होतो. एका जोडपानावर चार-पाचपेक्षा जास्त फोटो नकोत.

डिझाइन तपासताना दोनच जागा बघा: मधली घडी आणि कडा. घडीवर कुणाचाही चेहरा नको, गटाच्या फोटोत तर नक्कीच नको. कापताना कडेचा पाव इंच जातो, त्यामुळे कडेला उभ्या माणसाचा खांदा उडतो. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. आणि मागे ढग, गुलाब, महाल असं काहीही घालू नका म्हणून आधीच सांगा. पैठणीचे काठ हीच पुरेशी नक्षी आहे.

फेरफटका
स्टेजच्या रांगेचा प्रश्न राहिलाच की. आई विरुद्ध बहीण.

कृष्णधवल
हिशोब मांडू. ४०० पाहुणे म्हणजे अंदाजे १२० कुटुंबं. प्रत्येकी ४० सेकंद धरली तर ८० मिनिटं. ७ ला सुरू केलं तर ८.२० ला रांग संपायला हवी. ती संपत नाही, कारण दोघं ७.४५ ला स्टेजवर येतात. लॉनवर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावे लागतात, म्हणजे शेवटचा तास सगळाच घाईत जातो.

आईंसाठी: एक फोटोग्राफर फक्त स्टेजला बांधून ठेवा. दोन दिवे मोठ्या छत्रीतून, स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठरलेल्या जागी, कॅमेरा एकाच जागी. चढायचा जिना एका बाजूला, उतरायचा दुसऱ्या बाजूला. आहेर आणि पुष्पगुच्छ घ्यायला मागे एक माणूस, नाहीतर फोटोंत दोघांच्या हातात पिशव्याच दिसतात. बहिणीसाठी: ८.३० ला रांग पंधरा मिनिटं थांबवा आणि दोघांना खाली पाहुण्यांत फिरू द्या. दुसरा फोटोग्राफर तेव्हाचे मोकळे फोटो काढेल.

मुठाकाठची
तर सध्या असं ठरतंय: लग्नाच्या सकाळी तीन माणसं, बाकी वेळी दोन. मेकअप ६ ला. घरचे गट सीमांतपूजनाच्या संध्याकाळी, आजी-आजोबांचे फोटो त्याच दिवशी ४ ला. ड्रोन नाही. प्रीवेडिंग एका ओळखीच्या वाड्यात, सकाळी. हळद ३.३० ला, पांढऱ्या कापडाखाली. आई आणि बहीण दोघींनाही ८.३० ची युक्ती पटली आहे. काही चुकतंय का?

काचभिंग
हळद ३.३० ला आणि आजी-आजोबा ४ ला, दोन्ही एकाच दुपारी जमणार नाही. हळदीनंतर आंघोळ, साडी, कार्यालयात पोचणं, सगळ्यालाच वेळ लागतो. आजी-आजोबांना लग्नाच्या सकाळी ९ वर घ्या. नवरीचे फोटो ९.१५ ला आहेत, तोवर तिसरा माणूस मोकळाच असतो.

पेरूगेट
आणि तिन्ही फोटोग्राफरांची नावं-नंबर गुरुजींना आदल्या संध्याकाळीच द्या. होमाला ते कुठे बसणार आणि यजमानांची पाठ कुठे येणार, हे त्यांनी आपसात प्रत्यक्ष जागेवर बघून घेऊ दे.